शिवणकामासाठी नेलेली बाई आणि रँगेल बेटावरचे दोन हिवाळे

पार्श्वभूमी

सप्टेंबर 1921 च्या मध्यावर चार पुरुष, एक बाई, काही कुत्री आणि व्हिक नावाची एक मांजर रँगेल बेटाच्या किनाऱ्यावर उतरली. त्यांना सोडून जहाज परत गेलं. पुढची जवळजवळ दोन वर्षं त्या बेटावर बाहेरून कुणी पोचलं नाही आणि तिथली खबर बाहेर आली नाही. वायरलेस संच नव्हता. दुकान नाही, शेजार नाही, डॉक्टर नाही. अन्न, सरपण आणि कपडा या तिन्ही गोष्टी बेटावरूनच मिळवायच्या होत्या.

बेट सायबेरियाच्या उत्तरेला, 71 अंश अक्षांशावर आहे. आकार साधारण 7,600 चौरस किलोमीटर. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये डी लाँग सामुद्रधुनी आहे, सुमारे 140 किलोमीटर रुंद. तिथे झाड उगवत नाही. चूल पेटते ती समुद्राने वाहून आणलेल्या ओंडक्यांवर. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर सूर्य उगवेनासा होतो आणि साधारण 22 जानेवारीच्या सुमारास पुन्हा क्षितिजावर डोकावतो. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तो मावळतच नाही. या बेटावर कशाला महत्त्व द्यायचं ते हे वेळापत्रक ठरवतं.

मोहीम आखली होती विल्हाल्मर स्टेफान्सन या प्रसिद्ध ध्रुवप्रवाशाने. हेतू राजकीय होता: बेटावर माणसं राहिली की त्यावर ब्रिटिश साम्राज्याचा हक्क सांगता येईल. आर्क्टिक हा माणसाशी मैत्रीने वागणारा प्रदेश आहे, बंदूक आणि अक्कल असली की तिथे उपाशी मरायचं कारण नाही, असं तो जाहीरपणे सांगत असे. स्वतः मात्र तो या मोहिमेवर गेला नाही. गेले ते अ‍ॅलन क्रॉफर्ड (वय 20, नावापुरता प्रमुख), मिल्टन गॅल (19), लॉर्न नाइट आणि फ्रेड मॉरर (दोघेही 28). यातल्या नाइट आणि मॉररला आर्क्टिकचा अनुभव होता. मॉरर तर याच बेटावर 1914 साली अडकलेल्या ‘कार्लुक’ जहाजाच्या माणसांपैकी एक होता आणि जिवंत सुटला होता.

पाचवी होती अ‍ॅडा ब्लॅकजॅक. वय 23, अलास्कातल्या इन्युपियाक या मूळ रहिवासी समाजातली बाई. तिला महिना 50 डॉलरवर शिवणकामासाठी घेतलं होतं. कातड्याचे कपडे नीट शिवलेले नसतील तर आर्क्टिकमध्ये माणूस काही दिवसांत निकामी होतो, त्यामुळे हे काम बिनमहत्त्वाचं नव्हतं. ती का गेली हे मात्र लक्षात ठेवायला हवं. वडील ती आठ वर्षांची असताना गेले. ती नोम शहरात मिशनऱ्यांकडे वाढली. तिथे शिवण, गोऱ्यांच्या पद्धतीचा स्वयंपाक आणि बायबल वाचण्यापुरतं इंग्रजी शिकली. सोळाव्या वर्षी लग्न झालं. तीन मुलं झाली, त्यातली दोन गेली. नवऱ्याने सोडल्यावर पाच वर्षांच्या बेनेटला घेऊन ती सुमारे 65 किलोमीटर चालत नोमला आली. पोर थकलं की त्याला पाठीवर घ्यायची. बेनेटला क्षय होता. उपचाराला पैसे नव्हते, म्हणून त्याला अनाथाश्रमात ठेवावं लागलं. त्या 50 डॉलरचा हिशेब तिच्यासाठी एवढाच होता: मूल परत आणायचं.

शिकार तिला येत नव्हती. सापळा लावायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. बंदूक तिने चालवली नव्हती, आणि पांढऱ्या अस्वलांची तिला जबरदस्त भीती होती. ‘एस्किमो आहे म्हणजे येतच असेल’ असं बाकीच्यांनी गृहीत धरलं असेल तर नवल नाही. आजही कोकणातला माणूस दिसला की त्याला पोहता येतंच असं आपण धरून चालतो. पण ज्ञान रक्तातून येत नाही, कुणीतरी हात धरून शिकवावं लागतं. अ‍ॅडाचा तो हात आठव्या वर्षीच सुटला होता.

प्रकरण अभ्यासात सहसा नावं बदलतात. इथे बदललेली नाहीत, कारण शंभर वर्षं उलटली आहेत आणि सगळी नावं सार्वजनिक नोंदींत आहेत.

अडचण कशी उभी राहिली

एका दिवसात काही कोसळलं नाही. चार गोष्टी एकापाठोपाठ एक घडल्या आणि प्रत्येक वेळी ‘चालून जाईल’ असं वाटलं.

पहिली गोष्ट नोममध्येच झाली. अ‍ॅडाबरोबर आणखी इन्युपियाक कुटुंबं यायची होती: शिकारी पुरुष, त्यांच्या बायका, मुलं. ऐनवेळी त्यांनी माघार घेतली. मोहीम मात्र थांबली नाही. याचा अर्थ असा झाला, की सगळी योजना ज्या कौशल्यावर उभी होती तेच बंदरावर राहिलं आणि योजना जशीच्या तशी पुढे गेली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णयाचा क्षण हाच. तो कुणाला निर्णयासारखा वाटलासुद्धा नाही.

दुसरी गोष्ट शिध्याची. बरोबर साधारण सहा महिन्यांचं सामान होतं. उरलेलं बेट देईल आणि 1922 च्या उन्हाळ्यात जहाज येईल, असा हिशेब. पहिला हिवाळा बरा गेला. अस्वलं मिळाली, सील मिळाले. पहिलं वर्ष बरं जाणं ही धोक्याची गोष्ट असते, कारण त्यावरून माणूस दुसऱ्या वर्षाचा अंदाज बांधतो.

तिसरी गोष्ट नावेची. वॉलरसच्या कातड्याची मोठी नाव, उमियाक, त्यांच्याकडे नव्हती. उन्हाळ्यात बर्फ किनाऱ्यापासून सुटतो तेव्हा वॉलरस आणि सील पाण्यात असतात. नाव नसेल तर ते डोळ्यांना दिसतात आणि हाती लागत नाहीत. एका वॉलरसचं मांस आणि चरबी एवढी निघते, की पाच माणसं आणि कुत्री आठवडेच्या आठवडे त्यावर निघू शकतात. म्हणजे हिवाळ्याची बेगमी करायचा जो महिना-दीड महिना असतो, त्यातलं मुख्य साधनच नव्हतं.

चौथी गोष्ट बर्फाची. 1922 च्या ऑगस्टमध्ये ‘टेडी बेअर’ नावाचं जहाज मदत घेऊन नोमहून निघालं. त्या साली बेटाभोवतीचा बर्फ फुटलाच नाही. जहाज त्यात धडका देत राहिलं आणि सप्टेंबरमध्ये रिकाम्या हाताने परतलं. बेटावर कुणाला हे कळायचा मार्ग नव्हता. ते पाचही जण समुद्राकडे बघत राहिले. रोज वाटे, उद्या धूर दिसेल.

आपल्याकडे कोकणात आगोटीची बेगमी करतात. मासे सुकवायचे, लाकूडफाटा रचायचा, शाकारणी करून घ्यायची, होड्या वर ओढायच्या. पाऊस लांबला तरी ही कामं लांबवत नाहीत. रँगेलवर जी आगोट होती ती जुलै-ऑगस्टमध्ये, आणि ती जहाजाची वाट बघण्यात गेली. जहाज आलं तर साठवलेलं मांस वाया जाईल, एवढंच नुकसान होतं. जहाज आलं नाही तर काय होईल, याचा हिशेब दुसऱ्या पारड्यात कुणी टाकला नाही.

दुसरा हिवाळा लागला तेव्हा शिकार आटली. वाहून आलेली लाकडं आणायला लांब जावं लागू लागलं. आणि नाइटला स्कर्व्ही झाला.

स्कर्व्हीबद्दल थोडं सांगायला हवं. ‘क’ जीवनसत्त्व शरीर साठवून ठेवत नाही म्हटलं तरी चालेल. दोन-तीन महिने ते मिळालं नाही की हिरड्या सुजतात, सांधे दुखतात, जुन्या जखमा उघडतात, पायांवर काळेनिळे डाग येतात, माणूस उठेनासा होतो. आर्क्टिकमध्ये लिंबू नसतं, भाजी नसते, पण ताजं कच्चं मांस, सीलचं यकृत, देवमाशाची कातडी यांत हे जीवनसत्त्व असतं. इन्युइट लोक पिढ्यान् पिढ्या त्यावरच निभावत आले. मांस फार शिजवलं की ते जातं. नाइटला हे अनुभवाने ठाऊक होतं. 1917 साली एका मोहिमेत त्याला स्कर्व्ही झाला होता आणि ताज्या कच्च्या मांसावर तो बरा झाला होता. या वेळी उपाय माहीत होता, पण ताजं मांसच नव्हतं.

जानेवारी 1923: पुढचे पर्याय

जानेवारी लागला तेव्हा समोर काय काय होतं ते नीट मांडून बघू या, कारण पुढचं सगळं इथे ठरलं.

पाचही जणांनी एकत्र राहायचं आणि मिळेल त्यावर मार्च गाठायचा, हा एक मार्ग. यात खाणारी तोंडं पाच, कुत्री वेगळी आणि शिकार नाहीच्या बरोबर. दुसरा मार्ग काहींनी बर्फावरून सामुद्रधुनी ओलांडून सायबेरिया गाठायचा, तिथून नोमला खबर पोचवायची. बेटावरची तोंडं कमी होतील, मदतही येईल. पण सामुद्रधुनीतला बर्फ म्हणजे मैदान नव्हे. तो वारा आणि प्रवाहाबरोबर हलतो, फाटतो, एकावर एक चढून घरभर उंचीचे ढीग होतात, आणि मधल्या फटींत काळं पाणी उघडं असतं. तिसरा मार्ग तोच प्रवास, पण उजेड परतल्यावर.

या तिसऱ्या मार्गाचा दाखला त्यांच्याच घरात होता. 1914 साली ‘कार्लुक’चा कप्तान बॉब बार्टलेट आणि कटाक्टोविक हा तरुण इन्युइट शिकारी, दोघेच, 18 मार्चला याच बेटावरून निघाले आणि 4 एप्रिलला सायबेरियाच्या किनाऱ्याला लागले. तेव्हा मागे थांबलेल्यांत मॉरर होता. म्हणजे ही वाट जमते हे त्याला माहीत होतं. पण बार्टलेट मार्चमध्ये निघाला, उजेड भरपूर असताना. बरोबर बर्फ वाचू शकणारा माणूस होता. आणि मागे बेटावर कुरालुक नावाचा इन्युइट शिकारी, त्याची बायको आणि दोन मुली होत्या. त्या कुटुंबाने शिकार आणि शिवण सांभाळली म्हणून बाकीचे सप्टेंबरपर्यंत तगले. मॉरर एवढ्यातून सुटला आणि ‘या बेटावर राहता येतं’ हा धडा घेऊन परतला. कुरालुकशिवाय राहता आलं असतं का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला की नाही, कोण जाणे.

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात क्रॉफर्ड आणि नाइट निघाले. सूर्य अजून क्षितिजाखाली होता. वादळ, तुटका बर्फ आणि नाइटचं साथ न देणारं शरीर, यामुळे त्यांना माघारी यावं लागलं. नाइटची अवस्था आता झाकण्यासारखी राहिली नाही.

मग 28 जानेवारीच्या सुमारास क्रॉफर्ड, मॉरर आणि गॅल उरलेली कुत्री आणि स्लेज घेऊन निघाले. नाइट चालू शकत नव्हता म्हणून मागे राहिला. अ‍ॅडाला त्याच्या शुश्रूषेसाठी मागे ठेवलं. ते तिघे पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

या निर्णयावर टीका करणं सोपं आहे, पण मला तो उथळ वाटत नाही. भूक लागलेली, आजारी सोबती समोर, शिकार नाही. अशा वेळी हातपाय हलवणं हेच योग्य वाटतं. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. सहा आठवडे थांबले असते तर उजेड मिळाला असता. आणि तिन्ही धडधाकट माणसं एकाच बाजूला गेली. बार्टलेट दोघांत गेला होता. इथेही दोघे जाऊन एक मागे राहिला असता, तर बेटावर बंदूक धरणारा एक हात उरला असता.

अ‍ॅडाने काय केलं

फेब्रुवारीपासून तंबूत दोन माणसं. एक अंथरुणाला खिळलेला, दुसरीला शिकारीचा अनुभव शून्य. नाइट तिला काय काय करायचं ते सांगू शकत होता, पण ती करायची तिलाच होती.

तिने सगळ्यात आधी सापळे हातात घेतले. रोज फेरी मारायची, बर्फ झटकायचा, आमिष लावायचं, परत यायचं. कित्येक दिवस रिकामे गेले. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पहिला पांढरा कोल्हा सापडला. सुरुवात सापळ्यांनी करणं हा फार शहाणपणाचा निर्णय होता असं मला वाटतं, तिने तो विचार करून घेतला असो की गरज म्हणून. सापळा रात्रभर तुमच्यासाठी काम करतो. त्याला नेम लागत नाही, ताकद लागत नाही, आणि चूक झाली तर जीव जात नाही. नवशिक्या माणसाने आधी याच कामात हात बसवावा.

कोल्ह्याच्या मांसाला चरबी मात्र फार थोडी. त्यावर माणूस जेमतेम निभावतो, बरा होत नाही.

मार्चच्या मध्यावर तिने रोजनिशी लिहायला घेतली. नोंदी अगदी साध्या आहेत. आज लाकूड आणलं, आज कोल्हा मिळाला, आज डोळा सुजला म्हणून बाहेर जाता आलं नाही. नाइटच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ओटमीलच्या पिशव्यांच्या उश्या करून ती त्याच्या अंगाखाली देत होती, आणि वाळू गरम करून त्याच्या पायांशी ठेवत होती. नाइटची चिडचिड आणि बोलणी तिला रोज ऐकावी लागत. एप्रिलमधल्या एका नोंदीत तिने तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहिलंय, की बाईमाणसाने चार पुरुषांचं काम करायचं, लाकूड फोडायचं, खायला शोधायचं, त्याच्या उशाशी बसायचं, त्याची घाणही काढायची, हे किती जड जातं याचा तो कधी विचार करत नाही. तक्रार आहे, पण दुसऱ्या दिवशीची नोंद परत लाकडाची.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला तिने निरवानिरवीही लिहून ठेवली. मला काही झालं तर बेनेटच्या शाळेच्या दप्तरासाठी इथे एक काळी पट्टी आहे, ती आणि माझं जे काही आहे ते त्याला द्या. क्षयाने आजारी असलेलं, अनाथाश्रमातलं पोर शाळेत जाणार हे तिने धरलेलं होतं. ही ओळ वाचताना मी दर वेळी थांबतो.

बंदुकीची पाळी नंतर आली. तिने नेम धरायचा सराव केला आणि वसंत ऋतूत पक्षी परतू लागले तसा त्याचा उपयोग झाला. मे महिन्यात रँगेलवर हिमहंसांचे थवे उतरतात, जूनमध्ये अंडी मिळतात, समुद्रपक्षी कड्यांवर येतात. सील बर्फावर ऊन खायला येतात. ऋतू बदलला की बेट आपलं कोठार हळूहळू उघडतं. अ‍ॅडाची कामंही त्याच क्रमाने बदलत गेली: बर्फ घट्ट असताना सापळे, मग पक्षी, मग अंडी, मग सील. ऋतूने जे पुढे केलं ते तिने घेतलं.

नाइटच्या दृष्टीने मात्र हा ऋतू फार उशिरा आला. 23 जूनच्या सुमारास तो गेला. सूर्य मावळत नसताना, अंडी मिळू लागलेली असताना.

त्या दिवशी अ‍ॅडाने गॅलचा टाइपरायटर घेतला आणि नाइटच्या मृत्यूची तारीख टाइप केली. किती वाजता गेला ते मला माहीत नाही, पण महिना आणि दिवस कळावा म्हणून लिहिते आहे, असं तिने स्टेफान्सनसाठी लिहिलं. टाइपरायटर गॅलचा. म्हणून तिने त्यालाही वेगळी चार ओळींची चिठ्ठी लिहिली, की इतकं महत्त्वाचं लिहिण्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, माफ कराल ना. गॅल परत येणार असं धरूनच तिने ही माफी मागितली होती.

नाइटला पुरायची ताकद तिच्यात नव्हती. तिने त्याला झोपण्याच्या पिशवीतच ठेवलं, जनावरांनी उपद्रव करू नये म्हणून भोवती खोकी रचली, आणि स्वतः सामानाच्या तंबूत राहायला गेली. तिथे तिने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. वाहून आलेली लाकडं ओढून तंबूच्या भिंती भक्कम केल्या. अंथरुणाच्या वर बंदूक टांगायला जागा केली, झोपेतून उठताच हात पोचेल अशी. आणि बाहेर एक उंच मचाण बांधलं, अस्वल लांबूनच दिसावं म्हणून. अस्वलाच्या भीतीवर तिने मात केली असं लोक सहज लिहून जातात. तसं काही झालेलं नाही. ती घाबरतच होती. त्या भीतीला तिने एक उंच जागा करून दिली, जिथून वेळेवर दिसेल.

मग तिने नाव बांधली. लाकडाचा सांगाडा, वरून कॅनव्हास. पहिली नाव समुद्राने नेली, तेव्हा तिने दुसरी केली. चार पुरुषांना ज्या नावेअभावी सील सोडून द्यावे लागले होते, ती नाव शिवणकामासाठी आणलेल्या बाईने सुईदोऱ्याच्या हाताने उभी केली. छावणीतला कॅमेराही तिने चालवायला घेतला आणि स्वतःचे फोटो काढले.

यातली कुठलीच गोष्ट तिला सप्टेंबर 1921 मध्ये येत नव्हती.

निष्पत्ती

20 ऑगस्ट 1923 च्या सुमारास धुक्यातून एक अनोळखी आवाज आला. दुर्बिणीतून पाहिलं तर जहाज. ‘डोनाल्डसन’ नावाचं ते जहाज घेऊन हॅरोल्ड नॉइस आला होता. अ‍ॅडाला वाटलं होतं, क्रॉफर्ड, मॉरर आणि गॅल याच जहाजावर असतील. तिने त्यांची चौकशी केली आणि त्यांचा काहीच पत्ता नाही हे तिला तेव्हा कळलं. पाचांतली एक आणि मांजर एवढेच जिवंत परतले.

पुढे काय झालं हे थोडक्यात सांगतो. वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं, तिला ते नकोच होतं. तिने नाइटची नीट काळजी घेतली नाही असा आरोप नॉइसने केला आणि पुढे तो मागे घेतला. नाइटचे आईवडील तिच्या बाजूने उभे राहिले. तिला कबूल केलेले सगळे पैसे मिळाले नाहीत. जे मिळाले त्यातून तिने बेनेटला अनाथाश्रमातून काढलं आणि उपचारासाठी सिअ‍ॅटलला नेलं. बेनेट 1972 पर्यंत जगला. अ‍ॅडा 1983 च्या मे महिन्यात 85 व्या वर्षी अलास्कात वारली. अँकोरेजमध्ये त्याच्याच शेजारी तिची कबर आहे.

काय वेगळं करता आलं असतं

शिधा जास्त न्यायला हवा होता, हे कुणीही सांगेल. सहा महिन्यांच्या जागी दोन वर्षांचा नेला असता तर कदाचित पाचही जण वाचले असते. पण ही चूक त्यामागच्या चुकीची सावली आहे. शिकारी कुटुंबांनी माघार घेतली त्या दिवशी योजना नव्याने मांडायला हवी होती. एकतर थांबायचं, नाहीतर शिध्याचा हिशेब बदलायचा. एखाद्या मोहिमेचा पाया ज्या माणसांवर आहे ती आली नाहीत, तर बाकी सगळं सामान असूनही मोहीम बदललेली असते.

दुसरं, उन्हाळा. मदत येईल हे धरून बेगमी न करणं आणि मदत येईल हे धरूनही बेगमी करणं, यात कष्टांचा फरक काही आठवड्यांचा होता. आज हा मुद्दा वेगळ्या तऱ्हेने पुढे येतो. 2012 च्या सप्टेंबरमध्ये आर्क्टिकवरचा समुद्री बर्फ अंदाजे 34 लाख चौरस किलोमीटरपर्यंत आकसला, 1979 पासूनच्या उपग्रह नोंदींतला सगळ्यात कमी. 1922 साली जिथे जहाज अडलं तिथे आता अनेक उन्हाळ्यांत मोकळं पाणी असतं. मदत पोचणं सोपं झालं असं वाटेल. पण बर्फावर पाय ठेवून शिकार करणाऱ्यांचा भरवसा त्याच प्रमाणात गेला, आणि बर्फ लांब सरकला की अस्वलं जमिनीवर जास्त काळ थांबतात. जुन्या वेळापत्रकावर बेगमी करणाऱ्याची आज वेगळ्या बाजूने फसगत होते.

तिसरं, नाइटचा आजार. स्कर्व्हीची लक्षणं एका दिवसात येत नाहीत. दमणूक, हिरड्या, दुखणारे पाय, हे आधीपासून दिसत असतं. सोबत्यांना ओझं नको म्हणून माणूस ते अंगावर काढतो, हा स्वभाव मला कळतो. पण छोट्या तुकडीत एकाचं शरीर ही सगळ्यांची खबर असते. शरद ऋतूतच उघड बोलणं झालं असतं, तर जे थोडं ताजं मांस मिळत होतं ते कच्चं आणि आधी त्याला, असा नियम करता आला असता. आणि जानेवारीच्या पहिल्या फेरीवर त्याला पाठवलंच नसतं.

चौथं, अ‍ॅडाचं शिक्षण. पहिलं वर्ष बरं होतं. सापळे होते, बंदुका होत्या, काडतुसं होती, शिकवायला दोन अनुभवी माणसं होती आणि लांबलचक मोकळे दिवस होते. त्या वर्षात तिला सापळा आणि बंदूक शिकवून ठेवली असती तर फेब्रुवारी 1923 मध्ये तिला शून्यातून सुरुवात करावी लागली नसती, आणि नाइटसमोर ताजं मांस काही आठवडे आधी आलं असतं. शिवायला आणलेल्या बाईने शिवावं, शिकार पुरुषांनी करावी, ही वाटणी बंदरावर सोयीची होती. बेटावर प्रत्येकाला प्रत्येक काम निदान अर्धं यायला हवं होतं.

नॉइसने 1923 साली बेट सोडताना चार्ल्स वेल्स आणि त्याच्याबरोबर बारा इन्युइट माणसं तिथे ठेवली: पुरुष, बायका, मुलं. दोन वर्षांपूर्वी नोमच्या धक्क्यावर जी कुटुंबं जहाजात चढायची राहून गेली होती, तशी माणसं या वेळी बेटावर होती. त्यांचा हिवाळा निभावला. 1924 च्या ऑगस्टमध्ये ‘क्रास्नी ऑक्त्याब्र’ हे सोव्हिएत जहाज आलं, त्याने बेटावर आपला झेंडा रोवला आणि त्या सगळ्यांना घेऊन गेलं.